पित्त, कावीळ आणि पोटातला गोळा



गेल्या महिन्यात बचतीचा हप्ता गोळा करायला बसलो होतो. एक ताई जरा मागंच बसलेली. सगळ्यांच्या सह्या झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, सोनोग्राफीत खडा निघालाय. डॉक्टर म्हणतात पिशवी काढावी लागंल. पण माझी पिशवी तर चार वर्षांमागंच काढलीया. आता आणि कुठली काढणार?" बाया हसल्या. ती मात्र हसत नव्हती. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, आणि घरात कुणाला विचारायची सोय नव्हती.

तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडं पिशवी म्हटलं की गर्भाची पिशवी. पित्त म्हटलं की आंबट ढेकर. कावीळ म्हटलं की माळ. पोटात गोळा म्हटलं की वायगोळा. हे शब्द आजीपासून चालत आले आहेत, आणि या शब्दांच्या आडच एखादं दुखणं महिनोन् महिने लपून बसतं. साताऱ्याच्या माण-खटावपासून सांगलीच्या आटपाडी-जतपर्यंत आमच्या गटांत आम्ही हे पाहिलं आहे. एकदा तर आमच्याच हातून उशीर झाला. म्हणून आज यकृत, पित्ताची पिशवी आणि पित्ताची नळी या तिघांविषयी बोलू. यांची शस्त्रक्रिया कधी लागते, कधी लागत नाही आणि ती करतात कशी, हे समजून घेऊ.

विहीर, टाकी आणि नळी

उजव्या बाजूला बरगड्यांच्या खाली आपलं यकृत असतं. मटणात आपण जिला कलेजी म्हणतो तोच हा अवयव. मोठ्या माणसाच्या यकृताचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरतं. रक्तातली घाण निवडणं, साखर साठवणं अशी कितीतरी कामं ते करतं. त्यातलं एक काम पित्तरस तयार करण्याचं. हा पिवळा-हिरवट, कडू रस दिवसाला अर्धा ते एक लिटर तयार होतो आणि तेल-तूप पचवायला लागतो.

आपल्या रानातली व्यवस्था डोळ्यांपुढं आणा. यकृत म्हणजे विहीर. तिच्याखाली चिकटलेली छोटी पिशवी म्हणजे टाकी, तिला पित्ताशय म्हणतात. आणि टाकीवरून आतड्याकडं जाणारी पाइपलाइन म्हणजे पित्तनलिका. टाकीत मावतो जेमतेम तीन-चार मोठे चमचे रस. आपण जेवलो की टाकी आवळते आणि रस नळीतून आतड्यात उतरतो.

आता लक्षात ठेवायची गोष्ट. आंबट ढेकर येतो, छातीत जळजळतं, तेव्हा आपण "पित्त झालं" म्हणतो. ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. टाकीतला पित्तरस वेगळा. शब्द एक, गोष्टी दोन. इथंच घोटाळा होतो.

खडा कसा होतो, कसा दुखतो

पित्तरसात चरबीचा एक अंश असतो, त्याला कोलेस्टेरॉल म्हणतात. त्याचं प्रमाण बिघडलं किंवा टाकी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, की तळाशी साका धरतो आणि त्याचे खडे होतात. बायकांमध्ये हे खडे पुरुषांपेक्षा जास्त आढळतात. बाळंतपणं, अंगातली स्त्री-संप्रेरकं आणि वाढलेलं वजन ही त्याची कारणं. झपाट्यानं वजन उतरलं किंवा लांबलचक उपास घडले तरी खडे होऊ शकतात. एक दिवसाच्या उपासानं कुणाला खडा होत नाही. पण दिवसभर उपाशी राहून रात्री एकदम तळकट खायची सवय बरी नव्हे.

खड्याचं दुखणं ओळखायचं कसं? वरच्या पोटात, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली, जोराची कळ येते. बहुतेकदा जेवणानंतर, पुष्कळदा रात्री. अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि मग आपोआप थांबते. कळ पाठीत किंवा उजव्या खांद्याकडं जाते. उलटी होते. आणि काही आठवड्यांनी पुन्हा तसंच. आपोआप थांबते म्हणूनच आपण फसतो. "सोडा प्याले, बरं वाटलं" असं म्हणतो. पण सोडा पिला नसता तरी ती कळ थांबणारच होती.

आमच्या एका गटातल्या काकूंचं असंच झालं. बैठकीत पोट दाबून बसायच्या. आम्हीच त्यांना लिंबू-सोडा करून द्यायचो. "काकू, चहा कमी करा, पित्त आहे तुम्हाला," असं दीड वर्ष सांगत राहिलो. एका बाईनं हुलग्याचं कढण सुचवलं. मूतखड्याला लोक ते पितात. पण मूतखडा लघवीच्या वाटेत असतो, तिथं भरपूर पाणी पिऊन बारीक खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताच्या पिशवीचा आणि लघवीचा काही संबंध नाही. कितीही पाणी प्या, कढण प्या, तो खडा तिथून धुऊन निघत नाही.

ही कळ दोनदा आली, तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. सहा ते आठ तास उपाशी पोटी जावं लागतं, कारण जेवल्यावर टाकी आवळते आणि खडे नीट दिसत नाहीत. तपासणी दुखत नाही.

प्रत्येक खडा काढायचा नसतो

दुसऱ्या कशासाठी सोनोग्राफी केली आणि सहज खडा दिसला, कधी दुखलं नाही, असं पुष्कळ जणींचं होतं. अशा बहुतेक खड्यांचा जन्मभर त्रास होत नाही आणि त्यांना शस्त्रक्रिया लागत नाही. खडा फार मोठा असेल किंवा पिशवीच्या भिंतीत काही वेगळं दिसत असेल, तर डॉक्टर तसं सांगतील. त्रास नसताना कुणी "आजच ॲडमिट व्हा" म्हणालं, तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्यात कुणाचा अपमान नाही.

पण एकदा कळ येऊ लागली की ती पुन्हा येण्याचीच शक्यता जास्त. कळ सहा तासांहून जास्त राहिली, सोबत ताप आला, तर पिशवीला सूज आली असं समजायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शस्त्रक्रिया कशी होते

खड्यासकट पित्ताची पिशवी काढणं, हा यावरचा पक्का उपाय. नुसते खडे का काढत नाहीत? कारण पिशवी ठेवली की तिच्यात खडे पुन्हा होतात. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लँगेनबुख नावाच्या सर्जननं केली. पुढं शंभर वर्षं पोटावर वीतभर छेद घेऊनच ती व्हायची. मग दुर्बीण आली. भारतात दुर्बिणीनं पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. जे. जे. म्हणजे सरकारी रुग्णालय, गोरगरिबांचं. लहान छेद म्हणजे रोजंदारीच्या माणसाला लवकर कामावर जाता येतं, हे त्यांनी पुढं देशभर पटवून दिलं.

पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ एक आणि पोटावर आणखी तीन, असे साधारण चार छोटे छेद घेतात. पोटात वायू भरून जागा करतात, एका छेदातून दुर्बीण घालतात आणि पडद्यावर बघत पिशवी सोडवून बाहेर काढतात. साधारण तासाभराचं काम, अवघड असेल तर जास्त. बहुतेक जणी एक-दोन दिवसांत घरी जातात. नंतर एखादा दिवस खांदा दुखतो. तो त्या वायूमुळं, घाबरू नका. आठवड्याभरात घरातली हलकी कामं होतात. पण पाण्याची घागर, गवताचा भारा, खताची पाटी हे चार ते सहा आठवडे नको. ही गोष्ट सासूबाईंना आणि नवऱ्याला डॉक्टरांकडूनच सांगवून घ्या. आपण सांगितलं तर नाटक वाटतं!

कधीकधी आत फार चिकटलेलं असतं, तेव्हा डॉक्टर दुर्बीण थांबवून मोठा छेद घेतात. ते अपयश नव्हे, तुमच्या जिवासाठी घेतलेला शहाणपणाचा निर्णय असतो. आणि पिशवी गेल्यावर पचन थांबतं का? नाही. टाकी गेली तरी विहीर चालूच असते, रस थेट आतड्यात जातो. काही जणींना सुरुवातीला तेलकट खाल्ल्यावर पातळ शौचाला होतं, ते बहुतेक ओसरतं. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, तिचा रिपोर्ट मागून घ्या. क्वचित तिथं कॅन्सर सापडतो आणि तो वेळेत कळलेला बरा.

कावीळ एक नाही, दोन

आता काकूंची पुढची गोष्ट. दीड वर्षानं एक दिवस त्यांचे डोळे पिवळे दिसले. गाव म्हणालं, कावीळ. माळेवाला गाठला. गळ्यात माळ घातली, पथ्य सांगितलं. माळ वाढत बेंबीपर्यंत आली तशी सगळ्यांना वाटलं, कावीळ उतरतेय. आम्हालाही वाटलं. गटातून घेतलेलं अंतर्गत कर्ज त्या फेऱ्यांत गेलं. काकू मात्र रात्रभर अंग खाजवायच्या. शौचाला पांढरट, चिकणमातीसारखं व्हायचं. हे त्यांनी लाजेनं कुणाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

माळ का वाढते, सांगतो. ती एका वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात बांधून केलेली असते. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो. खुंटीला अडकवली तरी ती वाढते! आपल्या साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा चमत्कारांमागची कारणं गावोगाव दाखवत आले आहेत. देवडांगरीचा रस नाकात टाकल्यावर जे पिवळं पाणी येतं, ते नाकाची आतली कातडी पोळल्यामुळं. कावीळ त्यातून निघत नाही.

मग माळेनं लोक बरे कसे होतात? कावीळ दोन तऱ्हेची असते. एक, दूषित पाण्यातून येणाऱ्या विषाणूची. तिच्यात यकृताला सूज येते, आणि बहुतेकांना विश्रांतीनं काही आठवड्यांत आपोआप उतार पडतो. तेवढ्या दिवसांत गळ्यात माळ असली की श्रेय माळेला! मात्र गरोदर बाईला कावीळ झाली, तर तीही जिवावर बेतू शकते, घरी थांबायचं नाही.

दुसरी, अडथळ्याची. टाकीतला खडा घरंगळून नळीत अडकतो, किंवा तिथं गाठ होते. रस आतड्यात न उतरता रक्तात मिसळतो. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट आणि अंगाला खाज ही तिची खूण. ठिबकच्या नळीत खडा अडकला तर आपण नळीला माळ घालत नाही, खडा काढतो. इथंही तेच.

या कावीळीत थंडी वाजून ताप भरला, तर अडकलेल्या रसात जंतू वाढले असं समजा. तास मोजायची वेळ असते ती. काकूंना तसाच ताप भरला, तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा कुठं आम्ही १०८ ला फोन लावला.

त्यांच्या नळीत खडा होता. आधी प्रतिजैविकं दिली, मग तोंडातून लवचीक दुर्बीण घालून जठरातून आतड्यापर्यंत नेली, नळीचं तोंड थोडं मोठं केलं आणि खडा ओढून काढला. पोटावर छेद नाही. याला ईआरसीपी म्हणतात. रस वाहता राहावा म्हणून कधी नळीत प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवतात, तिला स्टेंट म्हणतात. तो कायमचा नसतो, साधारण तीन महिन्यांच्या आत काढावा किंवा बदलावा लागतो. बरं वाटलं म्हणून तारीख चुकवली, की तो तुंबतो आणि पुन्हा ताप-कावीळ. ती तारीख काकूंच्या सुनेनं कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिली होती. तुम्हीही लिहा. नळी मोकळी झाल्यावर पुढं काकूंची पिशवीही काढली, नाहीतर दुसरा खडा उतरला असता. आज काकू बैठकीला येतात. पण दीड वर्षापूर्वी सोनोग्राफी झाली असती तर दुर्बिणीच्या एका छोट्या शस्त्रक्रियेत भागलं असतं, हे आम्हाला आजही टोचतं.

एक गोष्ट बाळंतिणींसाठी. जन्मल्यावर बाळ थोडं पिवळं दिसतं आणि बहुतेकांचं ते उतरतं. पण दोन आठवड्यांनंतरही बाळ पिवळं असेल आणि त्याची शी पांढरट असेल, तर बाळाच्या पित्तनळ्या बंद असू शकतात. यावर कसाई नावाची शस्त्रक्रिया आहे. दचकू नका, मोरिओ कसाई हे जपानी सर्जनचं नाव! ती साधारण पहिल्या ६० दिवसांच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता जास्त. म्हणून शीचा रंग आशाताईंना जरूर सांगा.

पोटातला गोळा आणि दारातला कुत्रा

आता यकृताकडं वळू. आपला मुलूख मेंढरांचा. मेंढरं तिथं कुत्री आलीच. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, भाजीवर, पाण्यात जातात. मेंढराच्या पोटात गेली की त्याच्या यकृतात पाण्याचे फोड होतात. यात्रेला बकरं कापलं की असं फोड आलेलं काळीज आपण कुत्र्यापुढं टाकतो, आणि चक्र पुन्हा सुरू होतं. तीच अंडी आपल्या हातातून पोटात गेली, तर आपल्या यकृतातही फोड होतो. त्याला हायडॅटिड म्हणतात.

हा फोड वर्षानुवर्षं सावकाश वाढतो, कधी नारळाएवढा होतो. उजव्या बाजूला जडपणा किंवा हाताला गोळा लागतो. आपण म्हणतो वायगोळा, आणि पोट चोळून घेतो. हे अजिबात करू नका. फोड आत फुटला तर अंगावर तीव्र रिॲक्शन येऊन जीव धोक्यात येऊ शकतो. सोनोग्राफीत तो दिसतो. काहींना औषधगोळ्या पुरतात, काहींना सुईनं, काहींना शस्त्रक्रियेनं काढावा लागतो. सर्जन आजूबाजूची जागा झाकून, आतले जंत मारून, मगच तो रिकामा करतात.

टाळणं आपल्या हातात आहे. फोड आलेलं काळीज-फुप्फुस कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा खोल पुरा. कुत्र्याला हात लावल्यावर साबणानं हात धुवा. कच्ची भाजी धुऊन खा. पाळलेल्या कुत्र्याला जंताचं औषध केव्हा द्यायचं, ते पशुवैद्यकाला विचारा.

दुसरा एक गोळा पुवाचा असतो. यकृतात पू होतो, ताप येतो, उजवी बाजू ठणकते. दारू पिणाऱ्या पुरुषांत हा जास्त दिसतो. औषधं आणि सोनोग्राफीत बघून सुईनं पू काढणं, एवढ्यानं बहुतेक बरे होतात, पण घरी शेकत बसून नाही.

आणि एक दिलासा. यकृत वाढणारा अवयव आहे. गाठीसाठी त्याचा काही भाग काढावा लागला, तरी उरलेला भाग निरोगी असेल तर तो पुन्हा वाढून काम सांभाळतो.

पैसा, कागद आणि प्रश्न

"एवढं सगळं खरं, पण पैसा?" हा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे. शस्त्रक्रियेसाठी आपल्याला लांबचं शहर गाठावंच लागतं असं नाही. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन रुग्णालय १८९४ साली सुरू झालं, तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक मिरजेला येत आले. आज साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ही सरकारी रुग्णालयं आहेत. ईआरसीपीची सोय सगळीकडं नसते, जायच्या आधी विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करायचा आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण द्यायचा निर्णय शासनानं २०२३ मध्ये घेतला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. ॲडमिट होण्याआधी त्यांना भेटा, रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवा, आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, कुठल्या रुग्णालयात बसते, ते विचारा. फोन नंबर लिहून घ्या: १५५३८८, किंवा १८००२३३२२००.

आणि सही करण्याआधी हे विचारा. कुठला अवयव काढणार? पित्ताची पिशवी की गर्भाची? आत्ताच काढायला हवं का, थांबलं तर काय होईल? नळीत खडा आहे का, तपासलं का? दुर्बिणीनं होईल का? योजनेबाहेर किती पैसे लागतील? रिपोर्ट कधी मिळेल? उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारा. सोबत गटातली एक बाई न्या. घाबरलेल्या माणसाला निम्मंच ऐकू येतं.

काकूंच्या दुखण्यानंतर आमच्या गटांनी ठराव केला आहे. कर्ज मागायला आलेल्या बाईला "कशासाठी" एवढंच विचारायचं नाही. दुखण्यासाठी असेल तर सोनोग्राफी झाली का, आरोग्यमित्राला भेटलात का, हेही विचारायचं. आणि बैठकीत कुणी पोट दाबून बसली, तर सोड्याची पुडी पुढं करायची नाही. कळ कुठं येते, कधीपासून येते, डोळे पिवळे आहेत का, शौचाचा रंग काय, हे लाज न बाळगता विचारायचं.

त्या पिशवीवाल्या ताईबरोबर आम्ही गेलो होतो. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ती चित्राकडं बघत राहिली, मग हसली आणि म्हणाली, "म्हणजे ही पिशवी वरची हाय व्हय!" गेल्या आठवड्यात तिची शस्त्रक्रिया झाली. भारा उचलायला अजून महिना आहे. तोवर तिच्या शेळ्यांचं गवत गटातल्या बाया पाळीपाळीनं आणतात.

आजचं हे बोलणं तुमच्या पुढच्या बैठकीत वाचा, आणि ज्या शेजारणीला नेहमी "पित्त होतं", तिला आवर्जून बोलवा.